अटारी एसटीचा माउस अमिगा ५०० ला जोडताना

अटारी एसटी आणि अमिगा ५०० हे दोन्ही १९८०च्या दशकातले घरगुती संगणक. एकाचा माउस दुसऱ्याला जोडायचं काम सोपं आहे, बिनधास्त करा. दोन्हींचा प्लग तोच नऊ पिनांचा, ५ व्होल्ट सातवर, ग्राउंड आठवर, बटणं सहा आणि नऊवर. फरक फक्त पिन १ आणि ४ चा: या दोघींची अदलाबदल करायची, बाकी सगळ्या सरळ. अदलाबदल करायची राहिली की पॉइंटर जागच्या जागी थरथरतो, पुढे सरकत नाही. तेव्हा माउस बिघडला म्हणून तो खोलत बसू नका.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- माउसची मूळ वायर कापू नका. एक मेल (पिनांचा), एक फीमेल (भोकांचा) कनेक्टर घेऊन छोटा अडॅप्टर करा.
- वायरींच्या रंगांवर विसंबू नका, मल्टीमीटरने तपासा. मेल आणि फीमेलमध्ये पिनांचे क्रमांक आरशासारखे उलटे येतात. प्लास्टिकवर बारीक आकडे कोरलेले असतात, ते भिंगातून बघा.
- सात-आठ शॉर्ट नाहीत ना, हे आधी बघा.
- मशीन चालू असताना प्लग काढू-घालू नका. अमिगातली ८५२० चिप (बटणं वगैरे वाचणारी) उडू शकते.

आणि हो, जुन्या पीसीचा नऊ पिनी सीरियल माउस दिसायला तसाच असतो, पण तो इथे चालत नाही.