येशूला आपल्या बाजूला ओढण्याआधी

प्रिय,
सप्रेम सलाम.

तुझा लेख दोनदा वाचला. साठच्या दशकातल्या अमेरिकेतल्या बंडखोर तरुणांनी चर्चच्या भिंतींआड अडकलेला येशू बाहेर काढला, असं तुझं म्हणणं. तळमळ खरी आहे, आणि ती जपायलाच हवी. पण तू त्या सगळ्यांना एकाच पंक्तीला बसवलं आहेस, म्हणून हे पत्र.

तू ज्या भित्तिपत्रकाचं इतकं कौतुक केलं आहेस तेच घे. फरारी गुन्हेगाराच्या शोधपत्रासारखं त्यात येशूचं वर्णन छापलेलं होतं: लांब केस, दाढी, ठावठिकाणा नाही, संगत वाईट. त्यात खोटं काहीच नव्हतं. येशू जकातदारांच्या पंगतीला बसला, मंदिरातल्या सराफांचे चौरंग त्याने पालथे केले, आणि रोमी सत्तेने त्याला क्रुसावर दिलं. पण ते पाहणाऱ्या लांब केसांच्या तरुणाला त्यातून काय मिळालं? तू बरोबर आहेस, एवढंच. ज्या वाचनातून वाचणाऱ्याला नुसती शाबासकी मिळते, त्याबद्दल मला कायम धास्ती वाटते.

म्हणून ‘जीजस पीपल’, म्हणजे हिप्पींमधून ख्रिस्ताकडे वळलेले हे तरुण, उथळ होते असं मात्र समजू नकोस. 1967 च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी भागात ही चळवळ रुजली, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्रात बाप्तिस्मे झाले, जून 1971 मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने तिला मुखपृष्ठावर आणलं. या मुलांनी केस ठेवले, गिटार ठेवली, पण अनेकांनी नशा सोडली आणि मोकाट शरीरसंबंधही सोडले. म्हणजे बायबलच्या वचनाने त्यांना टोकलं आणि त्यांनी ते ऐकलं. व्हिएतनाम युद्धाबद्दल त्यांच्यातले पुष्कळ जण गप्प राहिले, हे मला खटकतं. तुझ्या लेखात ते यायला हवं.

त्याच काळात, त्याच किनाऱ्यावर, 1968 मध्ये डेव्हिड बर्गचा ‘चिल्ड्रन ऑफ गॉड’ हा पंथ उभा राहिला. त्याचीही भाषा सर्वस्वत्यागाची, सामुदायिक जीवनाची. पुढे ‘देव प्रीती आहे’ या वचनाचा आधार घेऊन त्याने स्त्रियांना शरीराच्या मोबदल्यात अनुयायी मिळवायला लावलं, आणि त्या पंथात मुलांवर लैंगिक अत्याचार झाले. तुझ्या लेखात त्याचा उल्लेख एका ओळीत, ‘आणखी एक प्रयोग’ म्हणून आला आहे. ते शब्द काढ. तिथे वचनाला बोलायला जागाच ठेवली नव्हती. बोलत होता तो बर्ग.

आता ज्यांच्यावर तू जेमतेम एक परिच्छेद खर्च केला आहेस त्या डोरोथी डे. समाजवादी पत्रकार, विवाहाशिवाय झालेल्या मुलीची आई, 1927 मध्ये कॅथलिक. 1 मे 1933 रोजी न्यू यॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये, कामगारांच्या गर्दीत, पीटर मोरीन यांच्यासह काढलेलं ‘कॅथलिक वर्कर’ हे वृत्तपत्र त्यांनी एका सेंटला विकायला आणलं. मग बेघरांसाठी घरं उघडली. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेलेला, उघडा, तुरुंगातला माणूस म्हणजे मीच, असं येशू सांगतो. डे यांनी ते अक्षरशः घेतलं. भुकेला माणूस दारुडा असायचा, शिव्या द्यायचा, चोरीही करायचा, तरी दार उघडं राहायचं. शत्रूवर प्रीती करा हे वचनही त्यांनी तसंच घेतलं. दुसऱ्या महायुद्धात, हिटलर समोर असताना, त्यांनी युद्धाला नकार दिला. पत्राचे वाचक तुटले, चळवळीतली माणसं दुरावली. आणि याच बाई प्रार्थनेत, संस्कारांत, लैंगिक नीतीत चर्चच्या शिकवणीला घट्ट धरून होत्या. साठच्या दशकातले तरुण त्यांच्याकडे ओढीने आले आणि हे पाहून गोंधळले. तूही गोंधळून तो भाग गाळला आहेस, असं मला वाटतं. डे यांचं बंड त्या आज्ञापालनातूनच आलं होतं. ते गाळलं तर उरते फक्त एक समाजसेविका.

कॅटन्सव्हिलबद्दल तू छान लिहिलं आहेस. 17 मे 1968 ला व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ नऊ जणांनी मेरिलँडमधल्या त्या गावच्या सैन्यभरती कार्यालयातल्या 378 फायली वाहनतळावर आणून घरी बनवलेल्या नेपामने, म्हणजे बाँबमध्ये वापरतात त्या ज्वालाग्राही द्रव्याने, जाळल्या, प्रभूची प्रार्थना म्हटली आणि पोलिसांची वाट पाहत उभे राहिले. त्यांच्यात डॅनियल आणि फिलिप बेरिगन हे दोघे धर्मगुरू भाऊ होते. पण पुढचं वाच. डे यांचा बेरिगन बंधूंवर जीव होता, तरी मालमत्तेची नासधूस त्यांना पटली नाही. एकच शुभवर्तमान, एकच युद्धविरोध, आणि तरीही हा वाद. माझ्या लेखी तुझ्या विषयाचा गाभा इथे आहे: वचन आपल्याच माणसांनाही अडवतं का?

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर रेव्हरंड टिळक बघ. त्यांनी ख्रिस्त अभंगात आणला हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली, हे फारसं कुणी सांगत नाही. अमेरिकेच्या गोष्टीत त्यांना ओढून बसवू नकोस मात्र. त्यांच्यावर वेगळा लेख लिही.

सध्या एवढंच कर: डे यांचा परिच्छेद तिप्पट वाढव, बर्गचा भाग स्पष्ट लिही, आणि मत्तयाचे पाच ते सात हे अध्याय, म्हणजे येशूचं डोंगरावरचं प्रवचन, एका बैठकीत वाचून मगच समारोपाला हात घाल. नवा मसुदा झाला की पाठव.

तुझे,
सर