विशेष शिक्षिका आठवड्यातून एकदा येतात, बाकीचे दिवस पोराला कोण बघणार?

प्रश्न: ताई, माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो, पण वाचायला बसला की ‘पाणी’चं ‘पीणा’ करतो, फळ्यावरचं निम्मंच उतरवतो. विशेष शिक्षिका आठवड्यातून एकदा येतात, व्हरांड्यात बसवून थोडा वेळ घेतात. वर्गशिक्षक म्हणतात ते मॅडमचं काम, मॅडम म्हणतात माझ्याकडे खूप शाळा आहेत. आणि आता मुख्याध्यापक म्हणतायत तुमच्या खर्चाने शॅडो टीचर ठेवा. नक्की कोणाचं काम काय असतं?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर: ताई, पहिली गोष्ट म्हणजे मुलगा वर्गशिक्षकांचाच आहे, पट त्यांचा, वर्ग त्यांचा, त्यामुळे रोज शिकवायची जबाबदारी पण त्यांचीच. त्या मॅडम बहुतेक समग्र शिक्षा योजनेतल्या असणार, त्यांच्याकडे अनेक शाळा असतात आणि फिरत फिरत काम करावं लागतं, त्यांना दोष देऊ नका. पण त्यांचं काम फक्त व्हरांड्यातल्या शिकवणीपुरतं नाही, मुलाची अडचण नेमकी कुठे आहे ते बघून त्याचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करायचा आणि वर्गशिक्षकांना दाखवायचं की बाई गेल्यावर वर्गात काय करायचं, हे माझ्या मते जास्त मोठं काम आहे. म्हणजे बघा, फळ्यावरून उतरवायला लावण्याऐवजी त्याला मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद द्यायचा, काना-वेलांटी वेगळ्या रंगात, एका पानावर चारच ओळी, आणि परिसर अभ्यासाची उत्तरं तोंडी घ्यायची. यातलं सगळं वर्गशिक्षकांना रोज जमण्यासारखं आहे, कुणीतरी एकदा शेजारी बसून दाखवलं पाहिजे एवढंच. मुख्याध्यापकांनी या दोघांना एकत्र बसायला वेळ काढून द्यायचा, आणि तुम्हीही त्या बैठकीत बसायचं, आराखड्याची एक प्रत मागून घ्यायची.

शॅडो टीचरचं म्हणाल तर ती मदतनीस असते, सतत शेजारी बसून लक्ष वेधून देणारी वगैरे. काही मुलांना ती खरंच लागते, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या मुलाला लागेल असं मला वाटत नाही आणि लागलीच तरी तो खर्च तुमच्यावर ढकलणं मला अजिबात पटत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’, म्हणजे समज चांगली असूनही वाचण्या-लिहिण्यात येणारी अडचण, धरलेली आहे आणि सरकारी व अनुदानित शाळांनी मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करून द्यायच्या हे त्यात स्पष्ट आहे. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण ठरवायला सांगितल्यावर केंद्र सरकारने 2022 मध्ये तर प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा असं ठरवलंय, प्रत्यक्षात काय चाललंय ते तुम्ही बघताच आहात. बाहेरून कुणी शिकवायला ठेवायचंच झालं तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे विशेष शिक्षकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची, नोंदणी आहे का ते आधी विचारा, नुसत्या ‘अनुभव आहे’वर जाऊ नका.

मुलाला ही अध्ययन अक्षमता आहे का याची तपासणी अजून झाली नसेल तर आता करून घ्या, तिसरी-चौथीचं वय त्यासाठी योग्यच आहे. सरकारी रुग्णालयात कुठे होते ते मॅडमना किंवा तुमच्या तालुक्याच्या गट साधन केंद्रात (शिक्षण विभागाचं तालुक्याचं केंद्र) विचारा, त्यांना माहीत असतं. प्रमाणपत्र असेल तर पुढे दहावीला बोर्डाकडून जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, त्यासाठी ऐन परीक्षेच्या तोंडावर धावपळ नको. आणि मुख्याध्यापकांकडे बैठकीसाठी अर्ज लेखी द्या, पोच घ्या, तोंडी सांगितलेलं राहून जातं.