कनरॉडचे जुने बोल्ट परत लावू नका

कळंबोलीच्या भावाने विचारलंय की इंजिन बांधताना मिस्त्री कनरॉडला (पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, जोडणारा रॉड) जुनेच बोल्ट लावू म्हणतोय, तर लावू का आणि टॉर्क (आवळायचा पिळाचा जोर) किती द्यायचा. दादा, लावू नका. मी लावले होते.

क्रँक, बेअरिंगचा साइज तुमचा मिस्त्री बघेलच. मी फक्त बोल्टचं सांगतो. हा बोल्ट आवळताना थोडा ताणला जातो आणि त्या ताणावरच कॅप (रॉडचा क्रँकभोवती बसणारा सुटा अर्धा भाग) धरून ठेवतो. आधी टॉर्क आणि वर ठरावीक अंश फिरवायचे, असे जे बोल्ट असतात त्यातले बरेचसे इतके ताणतात की खोलल्यावर पुन्हा मूळ लांबीवर येत नाहीत. दुसऱ्यांदा आवळले की हाताला घट्ट लागतात, पण आतून जीव गेलेला असतो.

मी नवे आणायला गेलो तर पार्ट्सच्या काउंटरवर (नाव घेत नाही) सांगितलं, बोल्ट सुटे येत नाहीत, अख्खा रॉड घ्या. टॉर्कचा आकडा विचारला तर ‘बाहेरच्यांना देत नाही’. दोन दिवस हेलपाटे घातले. गाडी उभी, हप्ता चालू. तिसऱ्या दिवशी जुनेच लावले. नंतर पार्ट्स कॅटलॉग हाती आला, त्यात बोल्टचा वेगळा नंबर स्पष्ट छापलेला होता! अजूनही आठवलं की डोकं फिरतं.

जेएनपीटीहून भिवंडीला कंटेनर घेऊन जाताना मुंब्रा बायपासच्या उतारावर बोल्ट तुटला. रॉड ब्लॉक फोडून बाहेर. चढावर नाही, उतारावर, हे लक्षात घ्या. खालच्या गिअरमध्ये आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चढतात, आणि आरपीएम दुप्पट झाले की पिस्टनची ओढ चौपट होते. एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर ढकलण्याच्या, फेरीच्या शेवटी पिस्टन वर पोचतो तेव्हा त्याला खाली दाबणारा गॅस नसतो, सगळी ओढ बोल्टवर येते.

टॉर्कचा आकडा मी देणार नाही. इंजिनागणिक वेगळा असतो, मॅन्युअलमधलाच घ्या, व्हॉट्सॲपवरचा नको. रेंचवर लावलेल्या जोरातला साधारण नव्वद टक्के घर्षणातच जातो, म्हणून आटे कोरडे की तेल लावलेले यावर बोल्ट किती ताणला जाईल हे ठरतं. मॅन्युअल तेल म्हणत असेल तर आट्यांना आणि डोक्याखालीही लावा. अंश डोळ्याने मोजू नका. डोक्यावर पेंटची खूण करा. षटकोनी डोक्याची एक बाजू म्हणजे 60 अंश, तेव्हा 90 म्हणजे दीड बाजू. त्याआधी टॉर्क देताना टॉर्क रेंच क्लिक झाला की थांबा, खात्रीसाठी दुसरा झटका देऊ नका. रेंच कॅलिब्रेट केलेला (आकडा बरोबर दाखवतो का ते तपासून घेतलेला) नसेल तर महापे-रबाळे भागात करून मिळतो.

मी मेकॅनिक नाही, गाडीमालक आहे. काही कंपन्या लांबीची मर्यादा देऊन बोल्ट पुन्हा वापरू देतात, तुमच्या मॅन्युअलमध्ये तसं असेल तर तेच खरं. आणि हो, कॅप ज्या रॉडची त्याच रॉडला, नंबर जुळवून. इंजिनाचं मॉडेल इथे लिहा, म्हणजे कॅटलॉगमध्ये बोल्टचा नंबर मी शोधून देतो. काउंटरवर तो कागद पुढे ठेवा.