पहाटे डिझेल गाडी सुरू होत नाही. हीटर प्लग घरी कसे तपासावेत आणि केव्हा बदलावेत?

तुमच्या प्रश्नातील मुद्दे आधी मांडतो, म्हणजे उत्तर कोणत्या प्रश्नाचे आहे हे वाचणाऱ्यांनाही कळेल. गाडी २००५ सालची, डिझेल, केए २२ (बेळगाव) पासिंगची आणि मुक्कामाला बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीत. डिसेंबरपासून पहाटे चार-पाच वेळा लांब सेल्फ मारल्याशिवाय ती सुरू होत नाही, सुरू झाली की मिनिटभर थरथरते आणि पांढरा धूर ओकते. दिवसभर मात्र काही तक्रार नसते. गोव्यात म्हापशाला बहिणीकडे मुक्काम पडला, तर तीच गाडी पहाटे एका सेल्फात चालू होते. गॅरेजमध्ये चारही हीटर प्लग आणि त्यांना वीज सोडणारा रिले बदलायला सांगितले आहे, आणि त्यानेही भागले नाही तर डिझेल पंप खोलावा लागेल असे म्हटले आहे. शिवाय दारातला ट्रॅक्टर हीटर प्लग नसतानाही त्याच थंडीत सुरू होतो, मग गाडीलाच ते का लागावेत, असेही तुम्ही विचारले आहे.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये काम करतो. गॅरेज हा माझा धंदा नव्हे. परंतु स्वतःची जुनी डिझेल गाडी अनेक वर्षे मीच सांभाळत आलो आहे आणि या प्लगांपायी एकदा चांगलाच हात पोळून घेतला आहे, म्हणून लिहितो.

ट्रॅक्टरपासून सुरुवात करतो, कारण तुमच्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये दाबली गेलेली हवा तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेट घेतो. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांत हा फवारा थेट पिस्टनच्या डोक्यावरील वाटीत पडतो, त्यामुळे दाबलेल्या हवेची उष्णता फारशी वाया जात नाही. जुन्या डिझेल गाड्यांत मात्र हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात, प्रत्येक सिलिंडरसाठी एक छोटी खोली असते. हवा अरुंद वाटेने त्या खोलीत ढकलली जाते आणि फवारा तिथे पडतो. हिला इनडायरेक्ट इंजेक्शन म्हणतात. १९९८ साली आलेल्या इंडिकाचे १४०५ सीसीचे डिझेल इंजिन याच जातीचे होते. इंजिन थंड असताना त्या खोलीच्या भिंती हवेची उष्णता शोषून घेतात, आणि अशा इंजिनांत हवा ट्रॅक्टरपेक्षा जास्त दाबली जात असूनही डिझेल पेटण्याइतकी धग उरत नाही. ती उणीव भरून काढायला प्रत्येक खोलीत हीटर प्लगचे टोक डोकावत असते आणि ते ८०० ते १००० अंशांपर्यंत लालभडक तापते. जे डिझेल पेटत नाही ते धुक्यासारखे सायलेन्सरमधून बाहेर पडते. तोच तुमचा पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर.

म्हापशाचा तुमचा अनुभव मला फार मोलाचा वाटतो. तिथे ऐन हिवाळ्यातही पहाट इथल्याइतकी गार नसते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, पहाटेचा पारा सहज १२-१३ अंशांपर्यंत उतरतो आणि जांबोटी-कणकुंबीच्या रानात त्याहूनही खाली जातो. उंचीमुळे हवाही थोडी विरळ, म्हणजे दाबल्यावर तापायला मुळात कमी. पंप किंवा फवारा मारणारे नोझल बिघडले असते, तर गाडीने चोर्ला घाट उतरल्यावर एवढा शहाणपणा दाखवला नसता. तेव्हा पंपाचा विषय तूर्त बाजूला ठेवावा.

एक अट मात्र आहे. तुम्ही मॉडेल लिहिलेले नाही, आणि २००५ पर्यंत कॉमन रेलच्या, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच नळीतून (रेलमधून) मोठ्या दाबाचे डिझेल पुरवणाऱ्या, गाड्याही बाजारात आल्या होत्या. त्यांत फवारा ट्रॅक्टरसारखाच थेट पिस्टनवर पडतो, म्हणून १२ अंशांच्या थंडीत दोन प्लग मेलेले असले तरी त्या बहुधा कुरकुरत का होईना सुरू होतात. तुमची गाडी तशी असेल, तर आधी बॅटरी, डिझेल फिल्टर आणि पाइपात कुठे हवा पकडते आहे का हे पाहावे. रेलमध्ये पुरेसा दाब तयार झाल्याशिवाय तिचा कॉम्प्युटर इंजेक्टर उघडतच नाही. पुढचे विवेचन तुमची गाडी जुन्या जातीची आहे असे धरून केले आहे; कॉमन रेलला जे वेगळे लागते, ते त्या त्या ठिकाणी सांगतो.

तपासणीला लागतो एक साधा मल्टिमीटर आणि चावी फिरवायला घरातले कोणीतरी. इंजिन रात्रभर उभे राहून पूर्ण थंड झालेले असावे, कारण पुष्कळ गाड्यांत इंजिन कोमट असले की प्लगांना वीज सोडलीच जात नाही आणि चांगली यंत्रणा बिघडल्यासारखी दिसते. आधी बॅटरीवर मीटर लावा: गाडी उभी असताना १२.५ व्होल्टच्या आसपास हवे, आणि सेल्फ मारताना ते साडेनऊच्या खाली घसरू नये. बॅटरी कमजोर असेल तर इंजिन हळू फिरते, हवा तापत नाही आणि दोष फुकट प्लगांवर येतो.

गाडीच्या डॅशबोर्डवरचा वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि विझतो, म्हणून प्लग ठीक असणार, असा समज सर्वत्र आहे. जुन्या गाड्यांत तो दिवा फक्त वेळ मोजतो. चारही प्लग जळून गेले तरी तो नेमाने लागेल आणि नेमाने विझेल.

वीज प्लगांपर्यंत पोहोचते का, हे आता पाहायचे. जुन्या इंजिनांत बहुधा चारही प्लगांच्या डोक्यांवरून एकच धातूची पट्टी गेलेली असते आणि तिला रिलेकडून आलेली जाड वायर जोडलेली असते. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी वायर इंजिनाच्या उघड्या धातूला व लाल वायर त्या पट्टीला लावा, आणि कोणाला तरी चावी ‘ऑन’पर्यंत फिरवायला सांगा, सेल्फ मारायचा नाही. ११ व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसले आणि काही सेकंद टिकले, तर रिले आणि वायरिंग ठीक आहे आणि रिलेचे पैसे वाचले. काहीच आले नाही, तर प्लगांना हात न लावता मोठा फ्यूज आणि रिले पाहावा. रिलेचा ‘टक्’ आवाज आला म्हणून त्यावर विश्वास ठेवू नये. आतले संपर्क जळलेले असले तरी आवाज येतोच. रिलेत वीज शिरते पण बाहेर पडत नाही, हे मीटरने दिसले की तोच दोषी.

वीज येत असेल तर प्लग एकेक करून मोजायचे, आणि इथेच बहुतेक लोक चुकतात. पट्टी न काढता मोजले तर चारही प्लग एकमेकांना समांतर जोडलेले राहतात. प्रत्येकाचा रोध (रेझिस्टन्स) ०.८ ओहम धरला, तर चार मिळून ०.२ येतो आणि त्यातला एक मेलेला असला तर ०.२७, हा फरक हजार रुपयांच्या मीटरला कळणार नाही. म्हणून बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवावी, पट्टीचे छोटे नट सोडवावेत, ते खाली पडू नयेत म्हणून चिंधी अंथरावी आणि पट्टी उचलून बाजूला ठेवावी. मीटर २०० ओहमवर ठेवून आधी त्याच्या दोन्ही वायरींची टोके एकमेकांना लावून पाहा, ०.२ किंवा ०.३ असे काही दिसेल, ते वायरींचे स्वतःचे असते आणि पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायचे. मग एक टोक प्लगच्या डोक्याला आणि दुसरे इंजिनाला. थंड प्लग बहुधा अर्ध्यापासून दीड ओहमपर्यंत दाखवतो आणि चारही आकडे जवळजवळ सारखे असतात. ज्याच्यावर मीटर ‘ओएल’ किंवा डावीकडे नुसता १ दाखवील, त्याची आतली तार तुटली आहे. आकडे कागदावर लिहून ठेवा, कितव्या सिलिंडरचा कोणता हे धरून.

रोध ठीक असूनही प्लग नीट तापत नसण्याची शक्यता थोडी उरते. ती घालवायची तर जाड वायरीवर क्लॅम्प मीटर लावून करंट पाहावा. १२ व्होल्टचा एक प्लग सुरुवातीला १५ अँपिअरच्या आसपास ओढतो आणि तापला की ८-१० वर येतो, म्हणजे चार मिळून चाळिसाच्या घरात. मात्र वायरमनकडे असणारा क्लॅम्प मीटर बहुधा एसीचाच असतो. तो इथे शून्य दाखवील आणि तुम्ही चारही प्लग मेले असे समजाल.

आता बदलण्याविषयी. २०१६ च्या जानेवारीत माझ्या गाडीचा तिसरा प्लग मेला होता आणि उरलेले तिन्ही ०.९ च्या आसपास होते. बदलायचे तर चारही बदलू, असा विचार करून मी चौदाशे रुपयांचे चार नवे प्लग आणले आणि रविवारी सकाळी, इंजिन थंडगार असताना, कामाला बसलो. मेलेला प्लग मुकाट्याने निघाला. पहिला निघेना, म्हणून लांब दांड्याचा पाना लावला. ‘कट्’ असा बारीक आवाज आला आणि षटकोनी डोके गोटीतच (सॉकेटमध्ये) राहून हातात आले. उरलेला प्लग हेडमध्ये. हेड उतरवून आमच्याच शॉपमध्ये तो तुकडा काढावा लागला, आणि गॅस्केट, मजुरी धरून अकरा हजार रुपये गेले. मोडलेला प्लग चांगला होता हे मला आदल्या दिवशीच मीटरने सांगितले होते.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे, की जुन्या रिलेवाल्या गाडीत मेलेला प्लग बदलावा, बाकीचे सहज निघत असतील तर तेही बदलावेत, पण चांगला प्लग अडकून बसला असेल तर त्याच्याशी झुंजू नये. कॉम्प्युटर प्रत्येक प्लगवर लक्ष ठेवतो अशा नव्या गाड्यांत मात्र चारही एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे हवेत.

काढण्याच्या आदल्या रात्री प्रत्येक प्लगच्या बुडाशी गंज सोडवणारे तेल सोडावे. दुसऱ्या दिवशी जांबोटी-खानापूर अशी एक फेरी मारून इंजिन गरम करावे आणि गरम असतानाच काम धरावे. त्याआधी प्लगांभोवतीची माती हवेने उडवून टाकणे अगदी आवश्यक आहे, कारण प्लग निघाला की ते भोक थेट सिलिंडरकडे जाते. खोल गोटी आणि छोटा रॅचेट वापरावा. टॉर्क पाना मिळाला तर फारच चांगले: १० मिलिमीटर आट्यांच्या प्लगला ३५ न्यूटन-मीटरच्या आणि ८ मिलिमीटरच्या प्लगला २० च्या पुढे जोर लावू नये. हलला की पाव वळसा सोडवायचा, पुन्हा थोडा आवळायचा, तेल सोडायचे, पुन्हा सोडवायचा. एका प्लगला अर्धा तास लागला तरी लागू द्यावा.

निघालेल्या प्लगचे टोक निरखून पाहा. ते फुगलेले, वितळलेले किंवा खाल्ल्यासारखे दिसले, तर त्या सिलिंडरचे नोझल टपकते आहे असा संशय घ्यावा. नवा प्लगही तिथे फार दिवस टिकणार नाही. प्लग बॅटरीवर लावून लाल होतो का हे पाहायचे असेल, तर तो ग्रिप प्लायरमध्ये धरावा, हातात कधीही नाही, आणि त्याआधी त्याच्यावर छापलेले व्होल्ट वाचावेत. नव्या गाड्यांतले पुष्कळ प्लग ४.४ किंवा ७ व्होल्टचे असतात. त्यांना १२ व्होल्ट दिले तर ते क्षणात जळतात. सिरॅमिक टोकाचा प्लग हातातून पडला असेल, तर दिसायला शाबूत असला तरी बसवू नये, कारण तडकलेले टोक तुटून सिलिंडरमध्ये पडते. दुकानात जाताना जुना प्लग खिशात घेऊन जा आणि नंबर, व्होल्ट व लांबी जुळवूनच नवा घ्या.

नवा प्लग आधी बोटांनीच पाच-सहा आटे फिरवावा. बोटांनी फिरत नसेल तर आटे चुकत आहेत, पाना लावू नये. शेवटी १० मिलिमीटरच्या प्लगला १५ न्यूटन-मीटरच्या आसपास आणि ८ मिलिमीटरच्याला १० पुरेत. पट्टीचे नट तर नुसते चिमटीच्या जोराने बसवावेत. ते पिळले की प्लगचे डोकेच फिरते.

तुमच्या भागात अशा वेळी गाडी उतारावर लावण्याची किंवा हवेच्या वाटेशी पेटता बोळा धरण्याची रीत आहे. उताराला माझी हरकत नाही. पण बोळा धरू नये, आणि स्टार्टिंग स्प्रे तर मुळीच मारू नये, कारण प्लग लाल असताना तो स्प्रे आत गेला की भलत्याच वेळी भडका उडतो आणि पिस्टनपर्यंत नुकसान पोहोचते.

चार प्लगांपैकी दोन-तीन एकदम मेलेले निघाले, तर नवे प्लग बसवल्यावर एक मोजमाप आणखी करा. गाडी सुरू करून पाच-सहा मिनिटांनी त्याच पट्टीवर पुन्हा व्होल्ट पाहा. सुरू झाल्यानंतर काही वेळ वीज चालू राहणे अनेक गाड्यांत मुद्दाम ठेवलेले असते, पण तोपर्यंत तिथे शून्य यायला हवे. अजूनही १२-१३ दिसत असतील, तर रिले चिकटून बसला आहे, जुने प्लग त्यानेच जाळले आहेत, आणि मग गॅरेजवाल्याने सांगितलेला रिले खरोखरच घ्यावा लागेल.