रेगे या जमैकन संगीतप्रकारातल्या दोन-तीन वेगळ्या गायकांच्या गाण्यांत बेस आणि ड्रम्स हुबेहूब सारखे ऐकू येतात. ही चोरी आहे का?

नाही, ही चोरी नाही; ती गाणी एकाच 'रिडिम'वर, म्हणजे बेस आणि ड्रम्सच्या एकाच तयार बैठकीवर गायलेली असतात, आणि जमैकात ही उघड, मान्य पद्धत आहे. 'रिअल रॉक' ही रिडिम घ्या. जमैकाच्या राजधानीतल्या, किंगस्टनमधल्या स्टुडिओ वन या ध्वनिमुद्रण स्टुडिओत साउंड डायमेन्शन या वादकांच्या संचाने 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात ती वाजवली, तेव्हा त्यात गाणं नव्हतंच, वर ट्रॉम्बोन हे पितळी फुंकवाद्य होतं. 1970च्या दशकात निर्माते कॉक्सन डॉड यांनी तीच बैठक पुन्हा वापरात आणली. विली विल्यम्स यांचं 'आर्मागिडियन टाइम' आणि मिशिगन अँड स्मायली या जोडीचं 'नाइस अप द डान्स' ही दोन्ही तिच्यावरचीच. पाठोपाठ ऐका: बेस दोनचार सूर टाकून थांबतो. त्या मोकळ्या जागेत विल्यम्स संथपणे भूक आणि अन्याय मांडतात, तर ही जोडी तिथेच शब्दांची सरबत्ती करते. मला तर गायकाची खरी ओळख अशा तुलनेतच पटते.

मात्र रिडिम एक म्हणजे ध्वनिमुद्रण एकच, असं समजू नका. अनेकदा दुसरे वादक ती नव्याने वाजवतात. 1979मध्ये लंडनच्या द क्लॅश या रॉक बँडने 'आर्मागिडियन टाइम' स्वतः वाजवूनच केलं. आणि पद्धत मान्य असली, तरी मूळ वादकांना पुढच्या प्रत्येक गाण्याचे पैसे मिळालेच असं मुळीच नाही.