जुना गेमबॉय घ्यायचाय : नवी स्क्रीन बसवलेला ‘रिफर्बिश्ड’ घेऊ की आहे तसा मूळ?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. लहानपणी गेमबॉय (निन्टेन्डोचं हातात धरून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र) घ्यायचा राहून गेला, तो आता घ्यायचाय. ऑनलाइन दोन दिसतायत. एक गेमबॉय ॲडव्हान्स ‘पूर्ण रिफर्बिश्ड’ म्हणजे नव्यासारखा केलेला आहे, नवं पारदर्शक शेल (बाहेरचं कवच), नवी आयपीएस स्क्रीन (मागून उजेड असलेली), फोटोत नुसता चमकतोय. दुसरा तोच, पण मूळ अवस्थेतला, ओरखडे पडलेला, जवळपास निम्म्या किमतीत. कुठला घ्यावा?

दुसरा घ्या. अट एकच, विकणाऱ्याने मागचं झाकण उघडून आतल्या सर्किट बोर्डाचा फोटो पाठवला पाहिजे. तो पाठवत नसेल तर दोन्ही सोडा.

असं का म्हणतोय ते सांगतो. मी चार वर्षं टोकियोत निशी-कसाईला होतो. तिथे आपली माणसं भरपूर, त्यामुळे तूरडाळीची चिंता नव्हती आणि शनिवार मोकळा असायचा. हार्ड ऑफ नावाची जुन्या सामानाची दुकानं आहेत तिथे. त्यांच्या एका कोपऱ्यात ‘जंक’ लिहिलेले क्रेट असतात, म्हणजे चालेल न चालेल, तुमचं नशीब. त्यातून उचलून आणलेले तीसेक गेमबॉय मी आतापर्यंत उघडलेत. पण या नादाची सुरुवात जंकपासून नाही झाली. ती झाली तुम्ही बघताय तशाच एका चकचकीत रिफर्बिश्ड ॲडव्हान्सपासून. जांभळं पारदर्शक शेल, स्क्रीन तर अशी की बायकोसुद्धा म्हणाली, “हे छान आहे.” वीस मिनिटं खेळलो आणि तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. परत खेळलो, परत तेच. सेल नवे होते.

उघडून बघितलं तर बाहेरचं सगळं नवं आणि आतला बोर्ड जसाच्या तसा जुना. सेलच्या पट्टीभोवती हिरवट थर, आणि चालू-बंद करायचं बटण कोणी कधी साफ केलेलंच नाही. रोग तिथेच होता. ॲडव्हान्स दोन पेन्सिल सेलवर चालतो, म्हणजे जेमतेम ३ व्होल्ट. मूळ स्क्रीनला दिवाच नव्हता, त्यामुळे यंत्र फार थोडी वीज घ्यायचं आणि दोन सेलवर सुमारे १५ तास चालायचं. वीस-बावीस वर्षांत त्या बटणाच्या आतल्या पत्र्यांवर ऑक्साइड चढतं, थोडा अडथळा तयार होतो. मूळ स्क्रीन असेपर्यंत तो जाणवतही नाही. आयपीएस बसवली की विजेची मागणी वाढते, त्या अडथळ्यावरच व्होल्टेज पडतं, आणि सेल निम्मे शिल्लक असतानाच यंत्र मान टाकतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब बटणात सोडून ते पन्नास वेळा मागेपुढे केलं, आजार गेला. दहा मिनिटांचं काम. ज्याने तो विकला त्याने फोटोत दिसतं तेवढंच केलं होतं. तेव्हापासून ‘रिफर्बिश्ड’ हा शब्द मी ‘पुसून ठेवलेला’ असा वाचतो.

याचा अर्थ मॉड, म्हणजे जुन्या यंत्रात असे नवे भाग बसवणं, वाईट असा काढू नका. २००१ च्या ॲडव्हान्सची मूळ स्क्रीन खिडकीत बसून खेळायला ठीक, रात्री अंथरुणात काही म्हणजे काही दिसत नाही. त्या मॉडेलला आयपीएस हवीच, या मताचा मी आहे. फक्त क्रम असा ठेवा : आधी विजेच्या बाजूने धडधाकट यंत्र, मग स्क्रीनचं किट वेगळं. किट बसवणं वाटतं तेवढं अवघड नाही. तीन पात्यांचा ट्राय-विंग स्क्रू ड्रायव्हर लागतो, आतल्या स्क्रूंना साधा फुलीचा. बोर्ड दोन प्रकारचे आहेत, ३२ पिनांच्या आणि ४० पिनांच्या स्क्रीन केबलचे. बऱ्याच किटमध्ये दोन्ही केबल येतात, तरी मागवण्याआधी वाचा. मूळ चित्र २४० × १६० ठिपक्यांचं आहे, म्हणून ४८० × ३२० किंवा ७२० × ४८० ची स्क्रीन घ्या. प्रत्येक ठिपक्याचे बरोबर दोन पट किंवा तीन पट होतात आणि कडा धुरकट दिसत नाहीत. किटसाठी आधीच कापलेलं शेलही सोबत घ्या. जुनं शेल आतून कानशीने घासून स्क्रीन बसवता येते, मी एकदा केलंय, दुसऱ्यांदा करणार नाही. बसवल्यावर स्पीकरमधून बारीक किणकिण ऐकू आली तर घाबरू नका, आयपीएस किटमध्ये हा प्रकार होतो. हेडफोन लावूनही ती टोचत असेल तरच त्याच्या मागे लागा.

मॉडेल कोणतं, हे मात्र आधी ठरवा, आणि ते खेळांवरून ठरवा. ॲडव्हान्स आणि त्याचा घडीचा भाऊ एसपी (२००३) या दोघांवर गेमबॉय, गेमबॉय कलर आणि ॲडव्हान्स अशी तिन्हींची कार्ट्रिज, म्हणजे खेळांच्या डब्या, चालतात. मायक्रो (२००५) दिसायला गोड, पण त्यावर फक्त ॲडव्हान्सचे खेळ. डीएस लाइट या निन्टेन्डोच्या पुढच्या यंत्रावरही जुनी गेमबॉयची कार्ट्रिज चालत नाहीत. हे माहीत नसल्याने पस्तावलेले लोक मी पाहिलेत.

काहीही उघडायचं नसेल तर एसपी घ्या, आणि जमलं तर त्याचाच नंतरचा प्रकार, एजीएस-१०१. याला मागून उजेड देणारी मूळ स्क्रीन आहे. आधीच्या एजीएस-००१ ला समोरून उजेड होता, तो फिका वाटतो. १०१ जपानात विकलाच गेला नाही, अमेरिकेत २००५ पासून मिळाला, युरोपातही मिळाला, म्हणून जपानहून कोणी ‘मूळ १०१’ पाठवत असेल तर भुवई वर करा. मागच्या स्टिकरवर विसंबू नका, शेल बदललं की स्टिकरही बदलतं. विकणाऱ्याला स्क्रीनखालचं उजेडाचं बटण दाबून व्हिडिओ पाठवायला सांगा. ००१ मध्ये त्या बटणाने दिवा लागतो किंवा विझतो. १०१ मध्ये उजेड फक्त कमी-जास्त होतो, पूर्ण विझत नाही. एसपीला हेडफोनचं भोक नाही, त्याला वेगळी जोडणी लागते. आत ६०० एमएएचची लिथियम बॅटरी असते. त्याच आकारात कोणी दुप्पट आकडा छापून विकत असेल तर तो आकडा छपाईपुरताच. फुगलेली बॅटरी दिसली तर पुढे बोलू नका.

परदेशातून मागवताना कस्टम्स आणि कुरियरचे पैसे किमतीत धरूनच तुलना करा. एसपीच्या लिथियम बॅटरीवरून कुरियरवाले प्रश्न विचारतात, पेन्सिल सेलवाले निमूट येतात.

१९८९ चा मूळ विटेएवढा गेमबॉय हा वेगळा विषय आहे. आपल्याकडे जत्रेत मिळणाऱ्या ‘९९९९ इन १’ वर आपण जे टेट्रिस खेळलो, तेच अमेरिका-युरोपात या यंत्राबरोबर दिलं जायचं, त्यामुळे मला त्याचं जरा जास्तच प्रेम आहे. चार पेन्सिल सेल, हिरवट स्क्रीन, करड्या-हिरव्याच्या चार छटा. स्क्रीनवर उभ्या रेषा गायब झालेला दिसला तर तो स्वस्तात उचला. स्क्रीनच्या खालच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीचा जोड सुटलेला असतो, सोल्डरिंग आयर्न हलकं गरम करून त्यावरून फिरवलं की बहुतेक रेषा परत येतात. स्क्रीनवर काळा डाग असेल तर मात्र सावध. उन्हाने जळालेली वरची फिल्म बदलता येते, पण काच फुटून पसरलेला डाग बरा होत नाही. या मॉडेलला मी आयपीएस बसवत नाही. त्या काळच्या मंद स्क्रीनचा फायदा घेऊन काही खेळांत आकृती भराभर उघड-मीट करत, म्हणजे ती डोळ्याला अर्धपारदर्शक दिसे. आयपीएसवर तीच आकृती नुसती लुकलुकते.

आता बोर्डाच्या फोटोत काय बघायचं ते. सेलच्या पट्ट्यांभोवती पांढरं किंवा हिरवं काही साचलंय का? पट्टीवरच असेल तर व्हिनेगरने जातं, बोर्डावरच्या रेषांपर्यंत पोहोचलं असेल तर नको. मॉड केलेला असेल तर सोल्डरचे ठिपके गोल आणि चमकदार आहेत की चिखल फेकल्यासारखे? आणि यूएसबी-सीवर चार्ज होणारी बॅटरी आत बसवली असेल तर ती कोणी, कशी बसवली हे विचाराच. संरक्षक सर्किट नसलेली लिथियम बॅटरी खिशात घेऊन फिरण्याएवढं कुठल्याच खेळात काही नाही.

कार्ट्रिजबद्दल एवढंच : नकली फार आहेत. ॲडव्हान्सच्या खऱ्या कार्ट्रिजच्या लेबलवर दोन आकडे दाबून उमटवलेले असतात, तिरकं धरून बघा. खालच्या सोनेरी पिनांच्या वर बोर्डावर ‘निन्टेन्डो’ छापलेलं दिसतं. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हर घेणार असाल तर आतला सीआर२०२५ सेल संपलेलाच धरा. तो संपला की खेळ सेव्ह होत नाही, आणि तो सोल्डर केलेला असतो. पोकेमॉनच्याच रुबी, सफायर, एमरल्डमध्ये सेल फक्त घड्याळासाठी आहे, तो संपला तरी सेव्ह राहतो.

बोर्डाचा फोटो मिळाला की इथेच टाका. सेलची बाजू आणि बटणाची बाजू, दोन्ही दिसतील असा.