प्रश्न तुमचे : धातू भेटला की उजळणारे रेणू

पाण्यातल्या शिशावर मागच्या अंकात लिहिताना 'धातू भेटला की उजळणारे रेणू' असा ओझरता उल्लेख मी केला होता. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली चार इथे घेते.

प्रश्न : रेणूला डोळे नाहीत, मेंदू नाही. मग समोर शिसं आलं की कॅल्शियम आलं, हे त्याला कळतं कसं? आणि असा एखादा रंग आमच्या शाळेच्या बोअरच्या पाण्यात टाकून मुलांसमोर तपासणी करता येईल का?
– जिल्हा परिषद शाळेतील एक शिक्षक, नागभीड (जि. चंद्रपूर)

सर, या रेणूंना दोन अवयव असतात असं समजा. एक दिवा आणि एक पकड. दिवा म्हणजे अँथ्रासीन, कुमारिन, फ्लुओरेसीन, रोडामाइन यांसारखा भाग. तो अतिनील किंवा निळा प्रकाश शोषतो, त्याचा एक इलेक्ट्रॉन वर चढतो आणि काही नॅनोसेकंदांत खाली येताना जास्त तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतो. ही प्रतिदीप्ती, प्रयोगशाळेत आम्ही फ्लुओरेसन्स म्हणतो. पकड म्हणजे नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा गंधक यांचे अणू ठरावीक अंतरावर बसवलेलं कडं किंवा पंजा.

आता खरी गंमत. धातू नसताना पकडीतल्या नायट्रोजनकडे एक मोकळी इलेक्ट्रॉनजोडी असते. दिव्याचा इलेक्ट्रॉन वर चढला की खाली जागा रिकामी होते, आणि नायट्रोजनचा इलेक्ट्रॉन लगेच त्या जागेत उडी घेतो. मग वर गेलेल्याला प्रकाश टाकत परतायला जागाच उरत नाही, ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. तुमच्याकडे बांधीचा (धानाच्या खाचराचा) धुरा खेकड्यानं पोखरला की कितीही पाणी सोडा, बांधी भरत नाही, तसंच. धातूचा आयन पकडीत बसला की नायट्रोजनची ती जोडी त्याच्याशी बांधली जाते, गळती थांबते आणि दिवा लागतो. ही रचना एखाद्या यंत्रासारखी सुटे भाग जोडून करता येते हे बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात, मूळचे श्रीलंकेचे असलेले ए. प्रसन्ना डी सिल्वा यांनी 1980 च्या दशकापासून पद्धतशीर दाखवलं. 1993 मध्ये त्यांनी असा रेणू प्रसिद्ध केला की जो सोडियम आणि आम्ल दोन्ही असतील तरच उजळतो. दोन अटी एकदम तपासणारा एकच रेणू! तो पेपर पहिल्यांदा वाचला त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

निवड होते ती पकडीमुळे. कड्याचं भोक केवढं, त्यात कोणते अणू, यावर सगळं अवलंबून. क्राउन ईथर या कड्याच्या आकाराच्या रेणूंमधलं लहान कडं सोडियमला बरोबर बसतं, थोडं मोठं पोटॅशियमला. पाऱ्याला गंधक जवळचं, कॅल्शियमला ऑक्सिजन, जस्ताला नायट्रोजन.

पण तुम्ही नेमकी अवघड जोडी विचारलीत. शिसं आणि कॅल्शियम यांच्यात फसगत होतेच. पेशीतलं कॅल्शियम मोजायला वापरतात ते फ्युरा-2 हे रंगद्रव्य शिशाला कॅल्शियमपेक्षाही घट्ट धरतं. शरीरातही हेच घडतं. कॅल्शियमसाठी राखलेल्या जागा शिसं बळकावतं, हाडांत जाऊन बसतं, आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला त्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो. प्रथिनांची जिथे फसगत होते, तिथे आपण बनवलेल्या रेणूची होणार नाही असं धरून चालता येत नाही. म्हणून शिशाचा चांगला सेन्सर बनवणारे ऑक्सिजनवर विसंबत नाहीत, गंधक-नायट्रोजन घेतात किंवा शिशाच्याच उपस्थितीत तुटणारा डीएनएचा तुकडा वापरतात. हा दुसरा मार्ग अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात यी लू यांच्या गटानं 2000 मध्ये दाखवला.

शाळेच्या बोअरबद्दल मात्र स्पष्ट सांगते. पाणी पिण्यालायक आहे की नाही हे असा रंग टाकून ठरवू नका. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या भूजलात पहिली चिंता फ्लोराइडची, आणि फ्लोराइड धातू नाही. शिशाचा किंवा पाऱ्याचा रेणू त्याबद्दल अक्षरही बोलणार नाही, आणि चमक दिसली नाही म्हणून मुलं निर्धास्त पाणी पितील. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला गाठा. नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत जाऊ द्या. धातूही तपासायचे असतील तर तसं आधी सांगा, कारण त्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालावं लागतं, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतो आणि अहवालात कमी दिसतो. नळातून शिसं येतं का हे पाहायचं असेल तर रात्रभर पाइपात थांबलेलं सकाळचं पहिलं पाणी घ्या. पाणी वाहू देऊन घेतलेल्या नमुन्यात ते सापडेलच असं नाही.

प्रश्न : मी एम.एस्सी.च्या प्रकल्पात सॅलिसिलाल्डिहाइडपासून शिफ बेस केला. तांब्याचं द्रावण घातलं की त्याची चमक विझते. बाकीच्या धातूंनी फारशी विझत नाही. 'कॉपर सेन्सर' म्हणून पेपर लिहावा असं ठरतंय. एवढं पुरेसं आहे का?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

नाही, पुरेसं नाही. पण टाकून द्यावं असंही नाही, आणि तू विचारलंस याचा मला फार आनंद झाला.

चमक विझवणं हे तांब्याला सहज जमतं. त्याच्या द्विभारित आयनात एक एकटा इलेक्ट्रॉन असतो (डी कक्षेत नऊ), आणि असे आयन उत्तेजित रेणूची ऊर्जा चटकन काढून घेतात. तीन भारांचं लोहही तेच करतं. जस्तात डी कक्षा पूर्ण भरलेली, म्हणून तिथे दिवा लागण्याची शक्यता जास्त. तेव्हा 'तांब्यानं विझलं' हे वाचून परीक्षक विचारणार की विझलं ते नक्की पकडीत बसल्यामुळे का? लोहाचं पिवळं द्रावण तर दिव्यापर्यंत प्रकाश पोचायच्या आधीच तो गिळून टाकतं, आणि यंत्रावर ते विझल्यासारखंच दिसतं. शिफ बेस म्हणजे अल्डिहाइड आणि अमाइन जोडून केलेला रेणू. त्याची आणखी एक खोड म्हणजे पाण्यात, धातूच्या सान्निध्यात, तो फुटून मूळ अल्डिहाइड आणि अमाइन परत मिळू शकतात. तसं झालं असेल तर तू सेन्सर मोजत नाहीयेस, एक मोडलेला रेणू मोजते आहेस.

म्हणून आधी नुसत्या धातूच्या द्रावणाचं शोषण मोज. सामू स्थिर ठेवणारा बफर वापर, नाहीतर धातूच्या क्षारानं बदललेला सामूच तू धातू म्हणून नोंदवशील. चमक विझल्यावर ईडीटीए हा धातूला घट्ट धरून काढून घेणारा पदार्थ घाल. ती परत आली तर पकड उलटसुलट होणारी आहे आणि तुझा रेणू शाबूत आहे. नाही आली तर वस्तुमानपटल (मास स्पेक्ट्रम) काढल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. आणि एकेक धातू वेगवेगळा घालून केलेला तक्ता पुरा पडत नाही. खऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तांब्याच्या कितीतरी पट असतं, तेव्हा ते सगळं भरलेल्या द्रावणात तांबं घालून बघ. तुझा प्रयोग ॲसिटोनायट्राइल या सेंद्रिय द्रावकात झाला असेल, असा माझा अंदाज आहे. कोल्हापूरच्या कुठल्याही विहिरीत ॲसिटोनायट्राइल नाही. पाण्याचं प्रमाण वाढवत ने आणि चमक कुठे मरते ते प्रामाणिकपणे छाप.

शोधमर्यादेचं, म्हणजे रेणूला कमीत कमी किती धातू ओळखता येतो याचं, गणित तर सगळेच करतात, पण तो आकडा कशाशी ताडायचा हे कुणी शिकवत नाही. भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्यात पारा लिटरमागे 0.001 मिलिग्रॅमच्या वर नको. म्हणजे सुमारे 5 नॅनोमोलर (नॅनोमोलर म्हणजे लिटरमागे एक अब्जांश मोल). शिसं 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे 48 नॅनोमोलरच्या आसपास. समजा एखाद्या रेणूची शोधमर्यादा 1 मायक्रोमोलर, म्हणजे 1000 नॅनोमोलर, आहे. तो पाऱ्यासाठी दोनशेपट आंधळा ठरतो, शिशासाठी वीसपट. असे रेणू 'पिण्याच्या पाण्यासाठी उपयुक्त' या वाक्यानिशी छापले जातात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण ते वाक्य खरं मानून कुणीतरी पाणी पिणार असतं. तांब्याचं तसं नाही. त्याची स्वीकार्य मर्यादा 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास 0.8 मायक्रोमोलर, आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, ते 24 मायक्रोमोलरला जवळ. तेव्हा साधारण क्षमतेचा रेणूही तांब्यासाठी कामाचा ठरू शकतो. पेपरमध्ये जोर द्यायचा तर इथे दे.

तांब्यानं विझण्याऐवजी उजळणारा रेणू बघायचा असेल तर रसायनशास्त्रज्ञ झार्निक आणि सहकाऱ्यांचं 1997 चं रोडामाइन बी हायड्राझाइडवरचं काम काढून वाच. त्या रेणूतलं एक कडं मिटलेलं असतं, द्रावण रंगहीन दिसतं. तांबं आलं की कडं उघडतं, रेणूचं जलअपघटन होतं आणि गुलाबी रोडामाइन झळकतं. हा रेणू एकदाच वापरता येतो, परत मिटत नाही. तरीही अंधाऱ्या पार्श्वभूमीवर उजळणारी खूण ओळखणं हे उजेडात थोडासा अंधार ओळखण्यापेक्षा नेहमीच सोपं.

प्रश्न : वडिलांचं सोडियम उतरलं होतं. अतिदक्षता विभागात एका छोट्या कॅसेटमध्ये रक्त घालून काही मिनिटांत आकडा सांगितला. तुम्ही लिहिता ते रेणू त्यात असतात का?
– एक वाचक, नाशिक

असू शकतात. बहुतेक ठिकाणी रक्तातलं सोडियम आयन-निवडक इलेक्ट्रोडनं, म्हणजे विद्युतदाबावरून मोजतात. पण रक्तवायू तपासणाऱ्या काही यंत्रांच्या कॅसेटमध्ये खरोखरच प्रतिदीप्ती देणारा सोडियमचा रेणू बसवलेला असतो, आणि त्याची रचना बेलफास्टच्या त्याच कामातून आलेली आहे. चमकणाऱ्या सेन्सरवर छापून आलेल्या कामाचा डोंगर मोठा, रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचलेलं थोडं. त्यातलं हे एक.

इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. रक्तात सोडियम लिटरला 135 ते 145 मिलिमोल असतं, म्हणजे भरपूर. तिथे अतिघट्ट पकड निरुपयोगी. सगळे रेणू कायम भरलेले राहतील आणि 120 काय, 140 काय, चमक सारखीच. पकड इतकी सैल हवी की नेहमीच्या पातळीला साधारण निम्मे रेणू भरलेले आणि निम्मे रिकामे असतील. तरच चढ-उतार दिसतो.

उलट टोक पाहायचं तर पेशीतलं कॅल्शियम. पेशीबाहेर ते 1 ते 2 मिलिमोलर, आत विश्रांतीच्या वेळी फक्त 100 नॅनोमोलरच्या घरात, म्हणजे दहा हजारपटीचा फरक. शिवाय आत मॅग्नेशियम गर्दी करून असतं. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रॉजर चेन यांनी 1980 मध्ये बाप्टा ही पकड बनवली, तिला मॅग्नेशियमकडे दुर्लक्ष करता येतं. 1985 मध्ये त्यांच्या गटानं तिला दिवा जोडून फ्युरा-2 दिलं. त्यावर 340 आणि 380 नॅनोमीटरचा प्रकाश आळीपाळीनं टाकायचा आणि दोन्ही चमकांचं गुणोत्तर घ्यायचं. पेशी जाड आहे की पातळ, रंग कमी शिरला की जास्त, हे सगळं गुणोत्तरात कापलं जातं. चेन यांना 2008 चं नोबेल हिरवं चमकणाऱ्या प्रथिनावरच्या (जीएफपी) कामासाठी मिळालं. माझ्या मते फ्युरा-2 एकट्यानंच त्या मानाला पात्र होतं.

वडिलांची तब्येत आता बरी असेल अशी आशा करते.

प्रश्न : मी आठवीत आहे. यातलं काही घरी करून बघता येईल का?
– एक विद्यार्थी, कुडाळ

येईल. नोटा तपासायचा 365 नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च आणि टॉनिक वॉटरची बाटली आण. अंधारात टॉनिक वॉटर निळं चमकतं, ते त्यातल्या क्विनीनमुळे. जॉर्ज स्टोक्स यांनी 1852 मध्ये या चमकेचा उलगडा केला तो क्विनीनच्याच द्रावणावर. दोन पेल्यांत सारखंच टॉनिक वॉटर घे. एकात मीठ विरघळव, दुसऱ्यात तेवढीच साखर. मिठाच्या पेल्यातली चमक मंदावते. हे काम मिठातल्या सोडियमचं नाही, क्लोराइडचं आहे, म्हणून याला धातूचा सेन्सर म्हणू नकोस. साखरेचा पेला कशासाठी, हे मात्र वहीत लिहून काढ.

धातूचा प्रयोग तुमच्या सिंधुदुर्गातच बसण्यासारखा आहे. 1867 मध्ये गोपेल्सरोडर या रसायनशास्त्रज्ञानं मोरिन नावाचं पिवळं रंगद्रव्य ॲल्युमिनियमबरोबर हिरवं चमकतं हे वापरून ॲल्युमिनियम ओळखलं. चमकेवरून धातू ओळखायची सुरुवात तिथून मानतात. आणि मोरिन फणसाच्या पिवळ्या गाभ्यात असतं. श्रीलंका, म्यानमारकडे बौद्ध भिक्षूंची वस्त्रं फणसाच्या लाकडानंच रंगवत आले आहेत. सुताराकडून गाभ्याचा भुसा आण, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाचा नको. घरातल्या मोठ्या माणसाला सर्जिकल स्पिरिटमध्ये तो तासभर भिजवायला सांग, जवळ शेगडी किंवा उदबत्ती नको. गाळून दोन पेल्यांत घे. एकात तुरटीचं पाणी थेंबथेंब टाक, कारण तुरटीत ॲल्युमिनियम असतं. दुसऱ्यात तेवढंच साधं पाणी. मग टॉर्च लाव, डोळ्यांत कुणाच्याही जाऊ देऊ नकोस. भुशात इतरही रंगद्रव्यं असतात, त्यामुळे हिरवी झाक किती स्पष्ट उठेल हे लाकडावर ठरेल. झाड कापा की बरका, लाकूड जुनं की ताजं, दोन पेल्यांत काय फरक दिसला, हे सगळं मला लिहून पाठव. फरक दिसला नाही तरीही पाठव.